करवंटीची विहीर

येळ्ळूरच्या पोरांना दिवाळीचा किल्ला करायला पुस्तकातलं चित्र लागत नाही. गल्लीत उभं राहून मान वर केली की राजहंसगड दिसतो. तो मूळचा रट्टांच्या काळातला मानतात, आणि त्याची दगडी तटबंदी आदिलशाहीतल्या असदखान लारीची, असं सांगतात. आत सिद्धेश्वराचं देऊळ आहे, विहीर आहे, आणि 2023 च्या मार्चपासून शिवाजी महाराजांचा उंच पुतळा आहे.

या गल्लीतला किल्ला दर वर्षी साधारण तसाच व्हायचा. विटा रचायच्या, त्यांवर भिजलेली गोणपाटं टाकायची, वरून चिकणमाती लिंपायची आणि उतारावर हळीव फेकायचे. चार दिवसांत डोंगर हिरवा. यंदा मात्र बेंगळूरहून दादा आला आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाला, "यंदा किल्ल्याखाली भुयार करायचं. तीन मजली."

दादाच्या पिशवीतून एक जाडजूड वही निघाली आणि रंगीत फाशांची थैली निघाली. लुडोच्या फाशापलीकडे काही न पाहिलेल्या पोरांनी चार बाजूंचा, आठ बाजूंचा, बारा बाजूंचा आणि वीस बाजूंचा फासा हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला.

"एकजण जग सांगतो," दादा म्हणाला. "बाकीचे त्या जगातली माणसं होतात. काय करायचं ते ज्यानं त्यानं सांगायचं. काम अवघड असलं तर फासा टाकायचा. जास्त पडले तर जमलं, कमी पडले तर फसलं."

पोरांनी त्याचं नाव लगेच भुयारमास्तर ठेवलं.

दादा सांगत होता तो डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ अमेरिकेत 1974 साली निघाला. दोघांनी मिळून केला होता तो: डेव्ह आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स. त्यातल्या गायगॅक्सची विम्याच्या कंपनीतली नोकरी सुटली होती आणि तो बूट दुरुस्त करून घर चालवत होता. आर्नेसननं आधी ब्लॅकमूर नावाचा किल्ला आणि त्याखालची भुयारं मांडून मित्रांना खेळवलं. ते बघून गायगॅक्सनं 1972 साली ग्रेहॉक नावाच्या वाड्याखाली तळघरं काढली. त्यात पहिल्यांदा उतरली त्याचीच दोन मुलं, अर्नी आणि एलिस.

"त्यांना पेटी सापडली," दादा हसत सांगत होता. "उघडली तर आत तांब्याची नाणी. पेटी भरून. खरं एवढी जड, की दोघांना उचलेना. गेले सोडून!"

सगळे हसले. बारकी हसली नाही. ती चौथीत होती आणि या घोळक्यात सगळ्यांत लहान होती.

"मग गावातनं गाडी का नाही आणली?"

"गाव नव्हतंच गे तेव्हा. वाडा आणि तळघर, एवढंच."

"मग गाव कधी झालं?"

"नंतर. खजिना घेऊन वर आल्यावर तो विकायचा कुठं, झोपायचं कुठं, असं व्हायला लागलं. मग शहर झालं, बाजार झाला, खानावळ झाली. भुयाराभोवती जग वाढत गेलं."

एवढं सांगून दादानं आपली वही उघडली. त्याच्या जगाचं नाव होतं हंसदुर्ग. पाचशे वर्षांच्या राजांची वंशावळ, सात लढाया, दोन शापित तलवारी, राक्षसांची लिपी, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं. पहिली दोनशे पानं त्यातच गेली होती.

मग पात्रं ठरली. ओंक्या पैलवान झाला. येळ्ळूरच्या महाराष्ट्र मैदानातल्या कुस्त्या बघत वाढलेलं पोर दुसरं काय होणार? साग्या तिरंदाज झाला, विन्या मांत्रिक.

"मी गडावर पाणी भरणारी," बारकी म्हणाली.

"तसलं कुणी नसतंय."

"मग गडावर पाणी कोण भरतं?"

दादाला उत्तर सुचलं नाही. "बरं, हो. तुला एक घागर आणि डोक्यावर जड ओझं न्यायची ताकद. तलवार नाही."

"नको."

पहिल्या रात्री अंगणात टॉर्चच्या उजेडात खेळ सुरू झाला. पैलवान भुयाराच्या तोंडाशी उभा राहिला. दादा आवाज खोल करून म्हणाला, "आत काळोख आहे. खालून राक्षसाचा घोरण्याचा आवाज येतो."

"राक्षस जेवतो काय?" बारकीनं विचारलं.

"माणसं."

"रोज? एवढी माणसं येतात कुठनं? आणि पाणी कुठनं पितो?"

"बारके, गप बस की जरा!" साग्या ओरडला.

खरं दादानं वही चाळली होती. पाचशे वर्षांचे राजे सापडले, विहीर सापडली नाही. ओट्यावर बसून सुपारी कातरणारे आज्जा हे सगळं ऐकत होते. मराठी शाळेत मास्तर होते ते; निवृत्त झाल्यापासून शेतावर असायचे.

"काय शोधालास?"

"पाणी, आज्जा."

"रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गड कसा बांधायचा ते सांगितलंय. आधी पाणी बघायचं. नसेल तर आणि जागा सोडता येत नसेल, तर खडक फोडून टाकी करायची. एका झऱ्यावर विसंबायचं नाही. तू पाचशे वर्षं राज्य चालवलास रे, पाण्याशिवाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बारकीनं किल्ल्यावर माती उकरून नारळाची करवंटी पुरली आणि तिच्यात पाणी ओतलं. ही गडाची विहीर. दादानं वहीत नव्या पानावर लिहिलं: विहीर, दोर एक, रहाट नाही. मग बारकीचं चालूच राहिलं. पाणी भरायला घागर लागते, म्हणून गडाखाली कुंभारकाकीचं घर आलं. खानापूरकडनं येऊन राहिलेली, असं बारकीनं ठरवलं, कारण माती-भांड्याचं नाव खानापूरचं. कुंभारकाकीला भात लागतो, म्हणून भाताची खाचरं आली, खळं आलं. खळ्यावर राखणीला राखण्यामामा आले, आणि त्यांचा कुत्रा वाघ्या. खाचरं आली म्हणून बळ्ळारी नाल्यासारखा एक नाला आला, पावसाळ्यात फुगून शिवारात शिरणारा. प्रत्येक गोष्टीला दादाला काहीतरी ठरवावं लागे. भात किती पिकतं? मसूर कधी पेरतात? नाला फुगला तर गडावर जायची वाट कुठली? आज्जांना विचारून विचारून तो लिहीत होता. घरात सुगी सुरू झाली होती, त्यामुळं उत्तरं ताजी मिळत होती.

वीरांना मात्र या गावात रस नव्हता. त्यांना भुयारात उतरायचं होतं. उतरायला दोर हवा होता. साग्यानं विहिरीचा दोर कापला.

"लोक पाणी कसं काढणार?" बारकी म्हणाली.

"खेळ हाय हा," साग्या म्हणाला.

दादानं लिहून घेतलं.

पहिला मजला सर झाला. दोन कोळी मेले, एक साप पळाला. वर आल्यावर भूक लागली, कारण दादा आता भूकही मोजत होता. "खळ्यावरचं भात घेऊया," विन्या म्हणाला. वाघ्या भुंकला. ओंक्यानं वीस बाजूंचा फासा टाकला, 18 पडले. वाघ्या मेला. राखण्यामामा धावत आले तर वीर पोतं घेऊन पसार झाले होते. कुंभारकाकीच्या भट्टीला रचलेली लाकडंही त्या रात्री शेकोटीत गेली.

दादानं तेही लिहून घेतलं.

दुसऱ्या मजल्यावर पेटी निघाली. दादानं मुद्दाम ठेवली होती ती, अर्नी आणि एलिसच्या आठवणीसाठी: तांब्याच्या नाण्यांनी काठोकाठ भरलेली.

"सोनं कुठं हाय?" ओंक्यानं विचारलं.

"खाली."

"मग राहू दे. तांब्याचं काय करायचं?"

तिघं पुढे गेले. बारकीनं घागरीत मावतील तेवढी नाणी भरली. "मला जड ओझं नेता येतं ना?" तिनं विचारलं. वहीत तसं लिहिलेलं होतं, दादाला नाही म्हणता येईना. ती वर गेली, ओतून परत आली, पुन्हा भरून गेली. तिघं वाद घालत, भिंती ठोकत पुढची वाट शोधत असताना ती घागरी वाहत होती. त्या नाण्यांतून तिनं राखण्यामामांना भाताचे पैसे दिले. कुंभारकाकीला लाकडाचे दिले. "वाघ्याचे किती?" तिनं विचारलं. दादा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "राखण्यामामा म्हणतात, त्याचे पैसे घेत नाही."

उरलेल्यातून तिनं नवा दोर विकत घेतला.

तोवर इकडे ओंक्याचा धीर सुटला होता. तिसऱ्या मजल्याची पायरी सापडत नव्हती. "भिंत फोडतो," तो म्हणाला. दादानं एकदा विचारलं, "ही कशाची भिंत हाय, बघायचंय?" ओंक्या म्हणाला, "भिंत म्हणजे भिंत." फासा चांगला पडला, भिंत फुटली. ती विहिरीच्या बांधकामाची भिंत होती. तिच्यातून पाण्याची धार भुयारात झिरपू लागली. आणि फटीतून वाट मात्र मिळाली.

तिसरी रात्र लक्ष्मीपूजनाची होती. फटाके वाजवून, फराळ करून पोरं अंगणात जमली. आई आणि काकीही चकलीची ताटली घेऊन बसल्या, कारण पोरं तीन दिवस कशात एवढी गुंतलीत ते त्यांना बघायचं होतं. बारकीही घागर घेऊन त्या रात्री खाली उतरली. राक्षस मेला. त्याच्यामागं सोन्याची पेटी होती. ओंक्यानं आरोळी ठोकली.

"बाहेर पाऊस लागलाय," दादा म्हणाला. "नाला फुगलाय. विहिरीला पाझर फुटलेत. तुम्ही आलात ती खालची वाट पाण्यानं भरली. वरून एक दगड निसटून पायऱ्यांवर पडलाय. पाणी गुडघ्यापर्यंत आलंय."

"दगड ढकलतो. फासा दे."

19 पडले.

"दगड हलला नाही. पाणी मांडीपर्यंत."

"19 पडल्यात की!"

"म्हणून तुझा खांदा निखळला नाही. दगड केवढा हाय, ते मी सांगितलंच नव्हतं."

विन्याच्या मंत्रानं पाणी थांबेना. साग्यानं बाण मारायला जागा शोधली, मारायचं कुणाला ते कळेना. मग त्यालाच आठवलं, "काल फोडलेली भिंत! विहिरीतनं वर जाऊया."

"गेलात. वर गोल आकाश दिसतंय. भिंती ओल्या, शेवाळ. चढता येत नाही. दोर पाहिजे."

"दोर मी..." साग्या थांबला. दोर त्यानंच कापला होता आणि पहिल्या मजल्यावर टाकून आला होता, जिथं आता पाणी होतं.

"हाक मारूया," विन्या म्हणाला. "गावाला."

"मारा," दादा म्हणाला. "नाव घेऊन मारा. पावसाचा आवाज हाय. नुसत्या ओरडण्याला कुणी उठणार नाही."

तिघं एकमेकांकडे बघू लागले. तीन रात्री ज्या गावातून ये-जा केली, त्या गावातलं एकही नाव त्यांना येईना.

"ओ राखण्यामामा!" बारकीनं हाक मारली. "ओ कुंभारकाकी! मी पाणी भरणारी! विहिरीत हाय!"

दादानं फासा उचललाही नाही. वहीची मागची पानं उलटून वाचत तो म्हणाला, "राखण्यामामा कंदील घेऊन काठावर आलेत. कुंभारकाकी आली. दोर बघून लक्षात येतं, हा तूच आणून दिलेला. टाकतात खाली. बारके, तू वर."

"आणि आम्ही?" ओंक्या म्हणाला.

"राखण्यामामा दोर हातात धरून वाकून बघतात. ते विचारतात, माझा वाघ्या कुणी मारला?"

अंगणात कुणी बोलेना. आईनं चकली तोंडात घालायची थांबवली. ओंक्यानं वीस बाजूंचा फासा उचलला, मुठीत घोळवला आणि खाली ठेवला.

"मी," तो म्हणाला.

"दोर कुणी कापला?"

"मी," साग्या म्हणाला.

"मग तुमच्यासाठी मी दोर का ओढू, असं विचारतात मामा."

ओंक्या चिडला. "हे वहीत कधी होतं? आधी सांगायचं की!"

दादानं वही त्याच्यापुढं धरली. पहिल्या दोनशे पानांवर राजे होते, सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड नाही. त्यातलं एक नाव या तीन दिवसांत कुणी उच्चारलं नव्हतं. मागची पानं मात्र चुरगळलेली, चहाचे डाग पडलेली होती. विहीर, दोर, भात, लाकूड, वाघ्या, भिंत. प्रत्येकापुढं कुणी काय केलं ते लिहिलेलं. "मी कुठलं ठरवलं?" दादा म्हणाला. "तुम्ही करालात, मी लिहालो."

बारकी काठावर उभी होती, तिच्या मनात. "मामा, त्यांना काढा," ती म्हणाली. "भिंत ते बांधून देतील."

"जामीन कोण?"

"मी."

मामांनी दोर टाकला. एका वेळी एक माणूस, सोन्यासकट नाही. पेटी खाली राहिली. सगळे वर आल्यावर साग्यानं बारकीला विचारलं, "तुला माहीत होतं काय गे, असं होणार म्हणून? दोर आणून ठेवलीस ते?"

"काय माहीत? पाणी भरायला दोर नको?"

आई हसली, काकी हसली. आज्जा हसले नाहीत. त्यांनी पानाचा डबा मिटला.

"महाराजांचं एक पत्र हाय," ते म्हणाले. "चिपळूणकडं घोडदळाची छावणी होती, पावसाळा तोंडावर. छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं. दाणा, वैरण, लाकूड, भाजी, जे पाहिजे ते बाजारातनं विकत आणा. कुणब्याच्या घरातनं उचलू नका. तुम्ही तसं कराल तर लोक म्हणतील, यांच्यापरीस मोगल बरे. एवढं मोठं राज्य उभं करणारा माणूस भाजीच्या पेंडीबद्दल लिहितो, ते कशासाठी?"

"लोक वाचले पाहिजेत म्हणून," विन्या म्हणाला.

"लोक वाचतील की न वाचतील, ते पुढचं. दोर त्यांच्या हातात असतोय म्हणून."

दादा त्या रात्री उशिरापर्यंत वही घेऊन बसला होता. गायगॅक्स आणि आर्नेसन यांची गोष्ट त्यानं पोरांना ऐटीत सांगितली होती, आणि स्वतः तिच्या अगदी उलट केलं होतं. त्यांनी एक किल्ला, एक तळघर एवढंच घेऊन सुरुवात केली. खेळणाऱ्यांचे पाय जिकडे वळले तिकडे जग वाढवत नेलं. त्यानं मात्र जग आधी पुरं केलं आणि त्यात पाय ठेवायला माणसाला जागाच ठेवली नव्हती. ती जागा चौथीतल्या पोरीनं प्रश्न विचारून विचारून उकरली.

भाऊबीजेपर्यंत खेळ चालला, पण भुयारात कुणी उतरलं नाही. ओंक्याच्या पैलवानानं दगड वाहून विहिरीची भिंत बांधली. त्यासाठी त्याला वीस बाजूंचा फासा पुष्कळदा टाकावा लागला आणि त्यात तो कुस्तीइतकाच रमला. रात्री तो खळ्यावर राखणीला बसू लागला, कारण आता भुंकणारं कुणी नव्हतं. साग्यानं नाल्यावर साकव घातला. विन्याचा मंत्र कुंभारकाकीच्या ओल्या लाकडाला आग लावायच्या कामी आला. एका संध्याकाळी बाहेरगावचे लोक सोन्याच्या वासानं गडाखाली आले, तेव्हा भुयाराची वाट त्यांना कुणी दाखवली नाही. सगळं गाव म्हणालं, इथं कसलं भुयार? त्या प्रसंगाला पोरं जितकी ओरडली तितकी राक्षस मेल्यावरही ओरडली नव्हती.

दादा बेंगळूरला निघाला तेव्हा त्यानं फासे आणि वही बारकीला दिली. तिनं पुढची दोनशे पानं चाळली, राजांची नावं वाचली आणि विचारलं, "यांतल्या कुणाच्या वाड्यात विहीर होती, ते लिहू काय?"

तात्पर्य: कल्पनेतलं जग असो वा खरं, ते राजांच्या वंशावळीनं उभं राहत नाही आणि नुसत्या पराक्रमानं टिकत नाही. पाणी कोण भरतं, भात कोण पिकवतं, घागर कोण घडवतं, एवढं विचारत गेलं की जग आपोआप वाढतं. ज्यांना आपण गोष्टीतली बाजूची माणसं समजतो, त्यांच्याशी आपण कसे वागलो त्याचा हिशोब कुठंतरी लिहिलेला राहतो. फासा चांगला पडणं हे नशीब; पण विहिरीत पडल्यावर ज्याला हाक मारायला एक नाव आठवत नाही, त्याला 19 पडूनही उपयोग नाही.